कुंभाराचा बाप आणि कुंभाराचे गाढव

मराठीत ‘कारण’ हा शब्द नाम म्हणून येतो तसाच दोन वाक्ये जोडणारे उभयान्वयी अव्यय म्हणूनही येतो, आणि या दुसऱ्या रूपात तो दोन अगदी निराळी कामे करतो. ‘अंगण ओले आहे, कारण रात्री पाऊस पडला’ असे म्हटले की नंतर सांगितलेली गोष्ट प्रत्यक्षात आधी घडलेली असते आणि तिनेच अंगण ओले केलेले असते. ‘रात्री पाऊस पडला असावा, कारण अंगण ओले आहे’ असे म्हटले की मात्र ओल्या अंगणाने पाऊस पाडला असे कोणी समजत नाही; अंगण तेथे पावसाची केवळ साक्ष देते. संस्कृत शास्त्रकारांनी पहिल्या प्रकाराला कारक हेतू आणि दुसऱ्याला ज्ञापक हेतू अशी नावे दिली. कारक म्हणजे घडवणारा, ज्ञापक म्हणजे कळवणारा. घरगुती बोलण्यात या दोहोंची सरमिसळ झाली तरी काही बिघडत नाही, परंतु रोगाच्या साथीत, न्यायालयाच्या निकालात किंवा सरकारी धोरणात ती झाली तर माणसांचे जीव जातात. मुंबई आणि पुणे या शहरांनी ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अनुभवले, आणि म्हणून त्या काळातील प्लेगची साथ हे कारणविचाराचे उत्तम, जरी दुःखद, उदाहरण ठरते.

कारण कशाला म्हणावे याची भारतीय परंपरेतील सर्वांत काटेकोर व्याख्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या अभ्यासकांनी, केली. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या छोटेखानी ग्रंथातून ती पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. यशवंत वासुदेव आठल्ये यांची टिपणे आणि महादेव राजाराम बोडस यांचे इंग्रजी भाषांतर असलेली त्या ग्रंथाची आवृत्ती मुंबई संस्कृत मालेत १८९७ मध्ये, म्हणजे ऐन प्लेगच्या दिवसांत, प्रसिद्ध झाली. या व्याख्येनुसार एखादी गोष्ट कारण ठरण्यासाठी ती कार्याच्या आधी असली पाहिजे, प्रत्येक वेळी आधी असली पाहिजे, आणि शिवाय ती ‘अन्यथासिद्ध’ नसली पाहिजे. पहिली अट सोपी आहे. दुसरी अट योगायोग वगळण्यासाठी आहे: कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तरी कावळे एरवीही फांद्यांवर बसतात आणि फांद्या कावळ्यावाचूनही मोडतात, म्हणून कावळ्याला कारण म्हणता येत नाही.

खरी बुद्धी लागते ती तिसऱ्या अटीला. अन्यथासिद्ध म्हणजे जिचे आधी असणे दुसऱ्याच कशामुळे तरी आपोआप उलगडते आणि कार्य घडण्यासाठी जिची स्वतंत्र गरज उरत नाही अशी गोष्ट. नैयायिकांचे आवडते उदाहरण मडक्याचे आहे. चाक फिरवण्याचा दांडा हे मडक्याचे एक कारण आहे, पण दांड्याचा रंगही दांड्याइतकाच नेहमी हजर असतो; तरीही काम दांडा करतो, रंग नव्हे. आकाश तर सगळ्याच गोष्टींच्या आधी असते, म्हणून मडक्यासाठी त्याचे वेगळे नाव घेण्यात अर्थ नाही. माती वाहून आणणारे गाढव या मडक्याच्या आधी होते खरे, पण डोक्यावरून आणलेल्या मातीचेही मडके होतेच. आणि कुंभाराचा बाप? तो नसता तर कुंभार नसता आणि कुंभार नसता तर मडके नसते, हे निर्विवाद आहे, तरी नैयायिक त्याला मडक्याचे कारण मानत नाहीत, कारण त्याचे मडक्याशी असलेले नाते पूर्णपणे कुंभारामार्फत आहे. तो कुंभाराचे कारण आहे, मडक्याचे नाही. गाढव आणि बाप यांना वेगवेगळ्या दारांनी बाहेर काढणारा हा विचार वरवर पाहता शाब्दिक वाटतो, परंतु पुढील काळात वैद्यकाला, कायद्याला आणि इतिहासाला ज्या प्रश्नांनी छळले ते सगळे प्रश्न त्यात बीजरूपाने आहेत.

इतर परंपरांनी याच प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूंनी पाहिले. सांख्यांच्या मते कार्य कारणात आधीपासूनच सुप्त असते, म्हणून तेल तिळातून निघते, वाळूतून नाही. नैयायिकांच्या मते ते सर्वस्वी नवे उत्पन्न होते. बौद्धांनी एकट्या कारणाला महत्त्व न देता अनेक हेतू-प्रत्यय एकत्र आल्यावर गोष्ट घडते असे मानले. ग्रीसमध्ये अॅरिस्टॉटलने द्रव्य, आकार, घडवणारा आणि प्रयोजन अशी चार कारणे सांगितली, त्यांपैकी आधुनिक विज्ञानाने मुख्यतः तिसरे ठेवले. १७३९ मध्ये स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने यावर मोठाच आघात केला: बिलियर्डचा एक चेंडू दुसऱ्यावर आदळतो आणि दुसरा हलतो, एवढेच डोळ्यांना दिसते, त्यांच्यामधील ‘घडवण्याची शक्ती’ कोणालाही कधी दिसलेली नाही, आणि वारंवार दिसलेल्या सोबतीमुळे मनाला जडलेली सवय म्हणजेच कार्यकारणभाव, असे त्याचे म्हणणे होते. बर्ट्रंड रसेल १९१२ मध्ये आणखी पुढे गेला. प्रगत भौतिकशास्त्राच्या समीकरणांत ‘कारण’ असा शब्दच येत नाही, असे त्याने दाखवले. ग्रहांच्या गतीची समीकरणे भूतकाळाकडून भविष्याकडे जशी सोडवता येतात तशीच उलट दिशेनेही सोडवता येतात, आणि त्यांत अमुक ग्रहाची आजची जागा उद्याच्या जागेचे कारण आहे असे म्हणण्याची गरज पडत नाही. रसेलचे निरीक्षण बरोबर होते, परंतु त्यावरून कारणाची कल्पनाच टाकून द्यावी हा निष्कर्ष पटण्यासारखा नाही. ग्रहांच्या भ्रमणात कोणाला हात घालायचा नसतो. रोगाच्या साथीत घालायचा असतो, आणि ज्याला हात घालायचा आहे त्याला कोठे घालावा हे विचारावेच लागते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या आसपास, ताप आणि काखेत किंवा जांघेत गाठ अशी लक्षणे असलेले रुग्ण आढळू लागले. मूळचे गोव्यातील हडफडे गावचे डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग असल्याचे ओळखले आणि महानगरपालिकेच्या स्थायी समितीपुढे तसे सांगितले. आठ लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या या शहरातून फेब्रुवारी १८९७ पर्यंत जवळजवळ निम्मी माणसे निघून गेली. लक्षात घेण्याची गोष्ट ही की तोवर प्लेगचे ‘कारण’ सापडून दोन वर्षे झाली होती. अलेक्झांडर येर्सां याने १८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत त्या रोगाचा जिवाणू शोधून काढला होता, आणि रोगजंतू ठरवण्यासाठी रॉबर्ट कॉखच्या नावाने ओळखले जाणारे निकषही वैद्यकात रुळले होते: जंतू प्रत्येक रुग्णात सापडावा, तो वेगळा काढून वाढवता यावा, आणि निरोगी प्राण्यात टोचल्यावर त्याने तोच रोग उत्पन्न करावा. प्लेगचा जंतू या कसोट्यांना उतरला. तरीही मुंबईत तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसा जातो, मांडवीतच का सुरू झाला, आणि काय केल्याने थांबेल, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या शोधातून मिळत नव्हते. रोगाचे कारण आणि साथीचे कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा फारच थोड्यांच्या ध्यानात आले होते.

अधिकाऱ्यांच्या मनात दोन समजुती एकमेकींत मिसळल्या होत्या. रोग घाणीतून व दूषित हवेतून उपजतो ही जुनी समजूत, आणि तो माणसाच्या संसर्गाने पसरतो ही दुसरी. पहिलीपोटी गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक आम्लाने धुतली गेली, भिंतींना चुना फासला गेला, प्रकाश आत यावा म्हणून छपरे उघडली गेली. दुसरीपोटी फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला, घरांची झडती सुरू झाली, रुग्णांना इस्पितळांत आणि त्यांच्या नातलगांना विलगीकरणाच्या छावण्यांत नेण्यात आले, सामानसुमान जाळण्यात आले. पुण्यात प्लेग अधिकारी वॉल्टर चार्ल्स रँडच्या हाताखाली गोऱ्या शिपायांनी ज्या रीतीने घरांत शिरून झडत्या घेतल्या तिच्यामुळे लोक संतापले आणि २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने निवर्तल्या. माणसाला माणसापासून तोडण्याचा एवढा खटाटोप ज्या दुव्यावर उभा होता तो दुवा गाठीच्या प्लेगच्या बाबतीत बव्हंशी चुकीचा होता. फुप्फुसाचा प्लेग खोकल्यातून पसरतो, पण मुंबई-पुण्यातील बहुसंख्य रुग्ण गाठीच्या प्लेगचे होते. कारण ठरवण्यातली चूक येथे केवळ ग्रंथातली चूक राहिली नाही. तिने लोकांच्या घरांची दारे फोडली.

लोकांना स्वतःला मात्र एक गोष्ट अनुभवाने ठाऊक झाली होती. घरात उंदीर पडू लागले की थोड्याच दिवसांत माणसे पडू लागतात, म्हणून उंदीर पडताच गावकरी घर सोडून शिवारात झोपड्या बांधून राहू लागले. त्यांच्यासाठी मेलेला उंदीर हा ज्ञापक हेतू होता, येणाऱ्या संकटाची खूण. तो कारकही आहे का, हा प्रश्न तज्ज्ञांमध्ये वादाचा होता, आणि तो वाद मूर्खपणाचा नव्हता. दोन गोष्टी नेहमी एकापाठोपाठ दिसल्या म्हणून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही. दोन्ही एखाद्या तिसऱ्याच सामाईक कारणाची कार्ये असू शकतात. हवेचा दाब उतरला की दाबमापकातील पारा खाली जातो आणि मागोमाग वादळ येते, पण पारा वादळ आणत नाही. जमिनीतल्या एकाच विषाने जमिनीलगत राहणारे उंदीर आधी आणि माणसे नंतर मरत असतील, तर उंदीर म्हणजे तो पारा ठरतो. नैयायिकांच्या भाषेत सांगायचे तर प्रश्न असा होता की मेलेला उंदीर हा दांडा आहे की दांड्याचा रंग.

फ्रेंच वैद्य पॉल-लुई सिमाँ याने या गाठीवर नेमके बोट ठेवले. नुकत्याच मेलेल्या उंदराला हात लावणारा माणूस आजारी पडतो, पण उंदीर मरून बराच वेळ लोटलेला असेल तर त्याला हाताळूनही काही होत नाही, हे त्याच्या लक्षात आले. मेलेल्या उंदरातील जंतू तर तेवढ्यात नाहीसे होत नाहीत. मग नाहीसे काय होते? प्रेत थंड पडले की त्यावरच्या पिसवा दुसरे ऊबदार अंग शोधत निघून जातात. जून १८९८ मध्ये कराचीत सिमाँने काचेच्या बरणीत पिसवा असलेला प्लेगग्रस्त उंदीर ठेवला, त्याच्याजवळ जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर ठेवला, आणि दोघांचा स्पर्श होऊ न देताही काही दिवसांत दुसरा उंदीर प्लेगने मेलेला पाहिला. त्याने हे प्रसिद्ध केले, पण त्या काळी देशभर फिरत असलेल्या भारतीय प्लेग आयोगाने रक्त पिणाऱ्या कीटकांचा साथीशी संबंध असल्याचे मान्य केले नाही. सिमाँला आपला प्रयोग पुरेशा वेळा करून दाखवता आला नव्हता, हे खरे; तरी थंड आणि ऊबदार उंदरातील फरकाचा त्याचा युक्तिवाद एवढा नेटका होता की तो सहज बाजूला सारला गेला याचे आजही वाईट वाटते.

पुढची सहा-सात वर्षे माणसे मरत राहिली आणि मग निर्णायक काम मुंबईतच, परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमधील प्रयोगशाळेत झाले. ग्लेन लिस्टन या लष्करी डॉक्टरने उंदरांवरच्या पिसवांचा आधीच अभ्यास चालवला होता. १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने त्या अभ्यासाला पद्धतशीर प्रयोगांचे रूप दिले. रोगी आणि निरोगी गिनीपिग एकाच जागी ठेवले, त्यांचे मलमूत्र आणि अन्न एकत्र होऊ दिले, पण पिसवांचा पूर्ण बंदोबस्त केला, तेव्हा रोग पसरला नाही. पिसवा सोडताच पसरला. प्लेगच्या पिसवा असलेल्या खोलीत जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातले प्राणी आजारी पडले आणि दोन फुटांवर टांगलेल्या पिंजऱ्यातले वाचले, कारण तेवढी उंच उडी पिसवेला मारता येत नाही. हवा मात्र दोन्ही पिंजऱ्यांना सारखीच लागत होती. ‘ते असताना हे असते’ याला अन्वय आणि ‘ते नसताना हे नसते’ याला व्यतिरेक म्हणतात, आणि इंग्लंडच्या जॉन स्ट्यूअर्ट मिलने १८४३ मध्ये हीच रीत भेदाची पद्धत या नावाने मांडली होती: बाकी सर्व परिस्थिती सारखी ठेवून एकच गोष्ट काढावी किंवा घालावी, आणि कार्यात काय फरक पडतो ते पाहावे. परळच्या पिंजऱ्यांत घाण, हवा, स्पर्श हे सगळे संशयित एकेक करून सुटले आणि पिसू पकडली गेली. पिसवेच्या पोटात नेमके काय होते हे बॅकट आणि मार्टिन यांनी १९१४ मध्ये दाखवले: जंतूंचा गठ्ठा तिच्या अन्नमार्गात बुचासारखा अडकतो, भुकेली पिसू पुन्हा पुन्हा चावते, आणि शोषलेले रक्त पोटात न जाता जंतूंसह जखमेत उलटते. आता ह्यूमला न दिसलेली मधली जागा भरली होती. ती भरली म्हणजे ह्यूमचे खंडन झाले असे नाही, कारण बुचापासून उलटीपर्यंतच्या प्रत्येक लहान दुव्यात तोच प्रश्न पुन्हा विचारता येतो. पण साथ थोपवू पाहणाऱ्याला एवढे बारीक विणलेले जाळे पुरते.

एवढे कळल्यावरही ‘का’ हा प्रश्न संपला नाही, तो फक्त सरकला. मुंबईत साथ हिवाळ्यात चढे आणि कडक उन्हाळा सुरू होताच ओसरे, कारण फार उष्ण हवेत पिसवेच्या पोटातले बूच टिकत नाही. मद्रासमध्येही बंदर होते, उंदीर होते, दाटीही होती, तरी मुंबईसारखी साथ तेथे फोफावली नाही. कोलंबोत काम करणाऱ्या फेबियन हर्स्टसारख्या संशोधकांनी दाखवले की मद्रासच्या उंदरांवर दुसऱ्याच जातीची पिसू प्रामुख्याने आढळते आणि ती प्लेग वाहण्यात फारशी तरबेज नसते. मुंबईत राहणाऱ्या कोणालाही हे फरक शहरातल्या शहरात शोधून सापडले नसते. सगळ्या चाळींत एकाच जातीची पिसू असेल तर अमुक चाळीत प्लेग का आणि तमुक चाळीत का नाही, या प्रश्नाच्या उत्तरात पिसवेची जात कधीच येणार नाही. इंग्लंडचे साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोज यांनी १९८५ च्या एका प्रसिद्ध लेखात हाच मुद्दा सर्वसाधारण रूपात मांडला: एका समाजातला एक माणूस आजारी का पडला याची कारणे वेगळी आणि त्या समाजात आजाराचे प्रमाण एवढे का आहे याची कारणे वेगळी, आणि पहिली कितीही बारकाईने शोधली तरी दुसरी हाती लागतीलच असे नाही.

इतिहासकार याच दुसऱ्या बाजूने येतो. हाँगकाँगशी असलेला जहाजव्यवहार, मांडवीच्या वखारींतले धान्य, कापडगिरण्यांसाठी कोकणातून आणि देशावरून आलेले कामगार, एकेका खोलीत कोंबलेली कुटुंबे, यांवाचून १८९६ समजत नाही. पण ही सगळी कारणे जंतूच्या मानाने कुंभाराच्या बापासारखी आहेत. त्यांचा रोगाशी संबंध उंदीर आणि पिसू यांच्यामार्फतच येतो. मग ती अन्यथासिद्ध म्हणून सोडून द्यावीत काय? नैयायिकाचे उत्तर होकारार्थी असेल, कारण तो एका मडक्याविषयी बोलतो आहे. ज्याला पुढच्या हजार मडक्यांची काळजी आहे त्याला मात्र कुंभाराच्या घराण्याची चौकशी करावीच लागेल. इंग्रज तत्त्वज्ञ आर. जी. कॉलिंगवुड याने १९४० मध्ये असे सुचवले की व्यावहारिक शास्त्रांत ज्या गोष्टीवर प्रश्न विचारणाऱ्याचा हात चालतो तीच त्याला कारण म्हणून दिसते. लस टोचणाऱ्याला जंतू, सापळे लावणाऱ्याला उंदीर, आणि नगररचनाकाराला दाटी. मुंबईत १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाटीला कारण मानून रस्ते रुंद केले आणि जुन्या वस्त्या पाडल्या. पण पाडलेल्या खोल्यांइतक्या नव्या खोल्या वेळेवर उभ्या राहिल्या नाहीत, तेव्हा बेघर झालेली माणसे शेजारच्या वस्त्यांतच शिरली आणि तेथील दाटी वाढली. कॉलिंगवुडचे म्हणणे म्हणूनच अपुरे वाटते. हात कोठे चालतो हे कर्त्यावर अवलंबून असेल, पण हात घातल्यावर काय होते हे त्याच्या मर्जीवर नसते.

कायद्याचा प्रश्न याहून वेगळा, कारण त्याला केवळ काय घडले एवढेच नव्हे तर जबाबदार कोण हेही ठरवायचे असते. हलगर्जीपणाने मृत्यू घडवल्याच्या गुन्ह्याचा, म्हणजे तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतील कलम ३०४-अ चा, अर्थ लावताना मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेन्किन्स यांनी १९०२ मध्ये असे तत्त्व घालून दिले की आरोपीचे कृत्य हे मृत्यूचे नजीकचे आणि प्रत्यक्ष घडवणारे कारण असले पाहिजे. ज्याच्यावाचून मृत्यू झाला नसता अशा अनेक गोष्टींपैकी ते एक असणे पुरेसे नाही. कुंभाराच्या बापाला कायद्यानेही दोषमुक्त केले, असे म्हणता येईल. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये मुंबईतल्या एका रंगाच्या कारखान्यातील आगीच्या खटल्यात हेच तत्त्व लावले. मालकाने परवान्याशिवाय ज्वालाग्राही द्रव्यांजवळ शेगड्या ठेवल्या होत्या, सात कामगार जळून मेले होते. परंतु राळेचे मिश्रण निवण्याआधीच घाईने त्यात टर्पेंटाइन ओतले जाणे हे मृत्यूचे नजीकचे कारण मानून न्यायालयाने मालकाला त्या कलमातून सोडले, आगीबाबतच्या निष्काळजीपणाची शिक्षा मात्र कायम ठेवली. आज ते कलम भारतीय न्याय संहितेत १०६ व्या क्रमांकावर आहे. शेगडी तेथे नसती तर टर्पेंटाइन ओतूनही कोणी मेले नसते, आणि कामगार रोज त्याच शेगड्यांशेजारी उभा असे. तर्काच्या दृष्टीने निकाल सुसंगत आहे, पण नजीकचा दुवा शोधण्याची ही रीत वारंवार सर्वांत खालच्या माणसाच्या हातापाशी येऊन थांबते, ही अडचण त्या तर्काने सुटत नाही.

याच जेन्किन्स यांच्यापुढे त्याच सुमारास प्लेगशी थेट निगडित असा कारणाचा कूटप्रश्न आला. प्लेगची लस मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी तयार केली होती आणि जानेवारी १८९७ मध्ये प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना ही लस टोचण्यात आली, आणि त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. ते सगळे ५३-एन या एकाच बाटलीतून लस घेतलेले होते, त्यामुळे अन्वयाने बाटली निश्चित झाली. पण बाटलीत धनुर्वाताचा जंतू शिरला केव्हा, परळला भरताना की मुलकोवालला उघडताना? जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने परळकडे बोट दाखवले, हाफकिन यांनी निर्जंतुकीकरणाची रीत बदलली होती याला महत्त्व दिले, आणि हाफकिन पदावरून दूर झाले. मुलकोवालला बूच काढताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता, ही हकिकत उपलब्ध असूनही तिला योग्य वजन मिळाले नव्हते. रोनाल्ड रॉस व इतर जीवाणुशास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली, त्यांच्यावरील ठपका दूर झाला, आणि परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले. बदललेली रीत हे येथे गाढव होते: घटनेच्या आधी होती, नजरेत भरणारी होती, आणि तरीही घटनेशी तिचा संबंध नव्हता.

हाफकिन यांच्या लसीने दुसराही एक प्रश्न पुढे आणला. भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरल्यावर ज्या कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतली त्यांच्यात रोग कमी आढळला. हा फरक लसीचा मानायचा की स्वेच्छेने पुढे येणाऱ्यांच्या धडधाकट प्रकृतीचा? मराठी व्याकरणात ‘पाऊस पडला असता तर पीक आले असते’ अशा वाक्याला संकेतार्थी म्हणतात, आणि प्रत्येक कारणविधानाच्या पोटात असे एक संकेतार्थी वाक्य असते: याच कैद्याने लस घेतली नसती तर काय झाले असते? त्याचे उत्तर एका माणसापुरते कधीच पाहता येत नाही, कारण एकच माणूस लस घेतलेला आणि न घेतलेला असू शकत नाही. रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने यावर काढलेला मार्ग म्हणजे कोणाला औषध द्यायचे हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे नशिबावर सोडायचे, म्हणजे दोन्ही गटांत धडधाकट आणि अशक्त, धीट आणि भित्रे सारखेच वाटले जातात आणि उरणारा फरक औषधाचाच ठरतो. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची या रीतीने केलेली चाचणी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. परंतु निम्म्या लोकांना चिठ्ठी टाकून सिगारेट ओढायला लावता येत नाही. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्ये दाखवला, तेव्हा खुद्द फिशरनेच आक्षेप घेतला की सिगारेटची ओढ आणि कर्करोग ही दोन्ही एकाच आनुवंशिक घडणीची कार्ये असू शकतील, म्हणजे सिगारेट हा पुन्हा दाबमापकातला पारा. आक्षेप तत्त्वतः रास्त होता आणि प्रत्यक्षात चुकीचा निघाला. सिगारेटींची संख्या वाढली की धोका वाढतो, सोडली की उतरतो, निरनिराळ्या देशांत तेच दिसते. असे नऊ मुद्दे हिल यांनी १९६५ मध्ये मांडले आणि ते यांत्रिकपणे मोजण्याचे निकष नव्हेत, वजन करून पाहण्याच्या बाजू आहेत, अशी जाणीवही करून दिली.

प्लेग महाराष्ट्रात शतकभराने पुन्हा आला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर मराठवाड्यात भीतीने अनेकांनी घरे सोडली आणि ते उघड्यावर किंवा पत्र्याच्या निवाऱ्यांत राहू लागले. मागे राहिलेल्या धान्यावर उंदीर माजले आणि रानातल्या व घरातल्या उंदरांची सरमिसळ झाली, असे स्पष्टीकरण ऑगस्ट-सप्टेंबर १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी झालेल्या गाठीच्या प्लेगसाठी पुढे आले. १८९७ मध्ये घर सोडून शिवारात जाणे हा उपाय होता, कारण माणसे उंदरांपासून दूर गेली. १९९३ मध्ये तेच घर सोडणे कारणांच्या साखळीतला एक दुवा मानले गेले, कारण घर उंदरांच्या हवाली झाले आणि माणसे पुढे त्याच घरांत परतली. पहिल्या रुग्णाला गाठ उठण्यापूर्वीच मामल्याच्या लोकांनी घरांत पिसवा फार झाल्याची आणि उंदीर मरून पडत असल्याची तक्रार केली होती.